खाली दुकान, वर घर: क्वीन्समधल्या एका बिनपरवाना गांजा-दुकानाचं प्रकरण

माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं, गल्ली आणि काही तपशील बदलले आहेत. भाड्याचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. मी या कुटुंबाचा जमाखर्च आणि टॅक्सची कामं बघतो, त्यामुळे करारापासून कोर्टाच्या कागदांपर्यंत सगळं डोळ्यांखालून गेलेलं आहे. कायद्याचा सल्ला त्यांना वकिलाने दिला, मी नाही.

पार्श्वभूमी

अण्णा कराडकडचे. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कला आले, नोकरीची सगळी वर्षं सबवेच्या कामात गेली. शहराच्या क्वीन्स भागात, डोक्यावरून जाणाऱ्या सात नंबरच्या सबवे गाडीच्या खडखडाटाखाली, त्यांनी एक जुनी दुमजली इमारत घेतली. खाली दुकानाचा गाळा, वर स्वतःचं घर. इमारत अण्णा आणि काकू दोघांच्या नावावर. अण्णा अमेरिकन नागरिक झाले. काकूंनी मात्र "पुढच्या वर्षी बघू" म्हणत ग्रीन कार्डावरच दिवस काढले. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे सगळं प्रकरण त्याच्यापाशी येऊन थांबतं.

गाळ्यात बरीच वर्षं फोनकार्डं, साड्या आणि मसाले विकणारं दुकान होतं. २०२० च्या कोविडमध्ये ते बंद पडलं आणि गाळा वर्षाहून जास्त रिकामा राहिला. प्रॉपर्टी टॅक्स, पाणीपट्टी आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या वेळी येत होते. गाळ्याचं भाडं म्हणजे अण्णांची अर्धी पेन्शन.

२०२१ च्या शरद ऋतूत एक तिशीतला मुलगा भेटायला आला. नम्र, कामसू, आई-वडिलांसोबत राहणारा. मोबाइलचं सामान, तंबाखू आणि स्नॅक्सचं दुकान काढायचं म्हणाला. जुन्या भाड्याच्या जवळपास दीडपट भाडं, तीन महिन्यांचं डिपॉझिट, पाच वर्षांचा करार. त्यात 'गुड गाय गॅरंटी' होती. न्यूयॉर्कच्या व्यापारी करारांमध्ये ही नेहमीची गोष्ट: भाडेकरू कंपनी असली तरी एक माणूस स्वतः हमी देतो की रीतसर चावी परत करेपर्यंतच्या भाड्याला मी बांधील आहे. आणि गाळ्याचा वापर सांगणाऱ्या कलमात शेवटी लिहिलं होतं: 'व इतर कोणताही कायदेशीर किरकोळ व्यापार'.

अण्णांनी सही केली. या शेवटच्या सहा शब्दांकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

कायद्यातली फट

त्याच वर्षी ३१ मार्चला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी राज्याच्या नव्या गांजा-कायद्यावर सही केली होती. एकवीस वर्षांवरच्या माणसाला तीन औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम, गांजा बाळगायला त्याच दिवसापासून मुभा मिळाली. विकायला मात्र परवाना लागणार होता, आणि परवाना देणारं मंडळच अजून नेमलेलं नव्हतं. कुओमो ऑगस्टमध्ये पायउतार झाले. नेमणुका सप्टेंबरात, नव्या गव्हर्नर कॅथी होकुल आल्यावर झाल्या. पहिले परवाने गांजाच्या जुन्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना द्यायचे, असं मार्च २०२२ मध्ये जाहीर झालं. शहरात वर्षानुवर्षं गांजासाठी पकडले गेले ते बहुतेक काळे आणि लॅटिनो तरुण. धंदा कायदेशीर होताना पहिला घास त्यांना मिळावा, हा त्यामागचा विचार. मला तो आजही योग्य वाटतो. पण पहिली परवानाधारक विक्री झाली २९ डिसेंबर २०२२ ला, मॅनहॅटनमध्ये अ‍ॅस्टर प्लेसजवळच्या एका दुकानात. ते दुकान एका सामाजिक संस्थेचं होतं.

म्हणजे जवळपास एकवीस महिने गांजा ओढणं कायदेशीर होतं, बाळगणं कायदेशीर होतं आणि विकत घ्यायला एकही कायदेशीर दुकान नव्हतं. बाजार इतका वेळ थांबत नाही. कोणी वीस डॉलरला स्टिकर विकून गांजा 'भेट' देऊ लागलं, कोणी 'सभासदांचा क्लब' काढला, आणि मग कोपऱ्याकोपऱ्यावर हिरवे दिवे लागले. राज्याचं गांजा-कार्यालय सुरुवातीला फक्त 'थांबवा' अशी पत्रं पाठवत होतं. २०२३ च्या सुरुवातीला शहर प्रशासन अशा दुकानांचा आकडा सुमारे दीड हजार सांगत होतं. त्यांतलंच एक अण्णांच्या घराखाली होतं.

अडचण

२०२२ च्या उन्हाळ्यात मोबाइलच्या कव्हरांमागे काचेच्या बरण्या आल्या. आधी काकूंना वास आला. जिन्यातून, मग स्वयंपाकघराच्या झरोक्यातून. त्यांनी अण्णांना सांगितलं, अण्णांनी खाली जाऊन विचारलं. मुलगा हसून म्हणाला, "अंकल, आता लीगल आहे. पेपरात आलंय."

अण्णांनी घरी येऊन तेच सांगितलं. वर आणखी, "आपल्याकडे नाही का, बनारसला, राजस्थानात सरकारी भांगेची दुकानं?"

त्यांची लेक शाळेत शिकवते. ती म्हणाली, "बाबा, तिथे दारावर सरकारी ठेक्याची पाटी असते. याच्या दारावर काय आहे?" भांगेच्या बाबतीतही तिचं बरोबर होतं. १९८५ च्या आपल्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून राज्यं पानांच्या भांगेला ठेके देऊ शकतात. तिथेही विक्रीला परवाना आहेच.

या घरातला वाद मला फार बोलका वाटला. अण्णा गांजाच्या पक्के विरोधात. गावात चिलमीपायी वाया गेलेली माणसं त्यांनी पाहिलेली. लेक कायदेशीर करण्याच्या बाजूने, २०२१ च्या आधी त्यासाठी सह्या गोळा करणारी. तरी दुकान बंद करा म्हणत होती लेक, आणि राहू द्या म्हणत होते अण्णा. तिचं म्हणणं होतं की ज्यांच्यासाठी हा कायदा झाला ती माणसं परवान्याची वाट बघत बसली आहेत आणि हे बिनपरवाना दुकानदार त्यांचं गिऱ्हाईक खाताहेत. अण्णांचं म्हणणं, भाडं पहिल्या तारखेला येतं.

या टप्प्यावर अण्णांनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: गांजा कायदेशीर आहे का? त्याचं उत्तर 'हो' होतं. विचारायला हवा होता तो प्रश्न, या दुकानाला विकायचा परवाना आहे का, एक वर्षभर कोणीच विचारला नाही.

२०२३ च्या हिवाळ्यात एका रात्री दुकानाची काच फुटली. रोकड आणि माल गेला. हा धंदा रोखीचा असतो, कारण केंद्र सरकारच्या कायद्यात गांजा तेव्हाही सगळ्यात कडक यादीत होता आणि बँका, कार्ड कंपन्या हात लावत नव्हत्या. रोकड असते म्हणून चोर येतात. काकू त्या रात्री वरच होत्या. त्यानंतर त्यांनी जिन्याच्या दाराला दुसरी कडी बसवली आणि अण्णांशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

मे २०२३ मध्ये राज्याने दंड वाढवले: बिनपरवाना विक्रीला दिवसाला १० हजार, गंभीर प्रकरणांत २० हजार डॉलरपर्यंत. हा दंड दुकानदाराला होता. पण त्याच उन्हाळ्यात शहराने जागामालकांसाठी वेगळा कायदा केला. जाणूनबुजून अशा दुकानाला जागा द्यायची नाही. तपासणीत विक्री सापडली की मालकाला आधी लेखी ताकीद, पुन्हा सापडली तर ५ हजार डॉलर, त्यापुढे दर वेळी १० हजार. मधल्या काळात मालकाने भाडेकरूला काढायची कोर्टाची कारवाई सुरू केली असेल, तर तो त्याचा बचाव.

डिसेंबर २०२३ मध्ये ती ताकीद अण्णांच्या पत्त्यावर आली. तोपर्यंत 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय होती. पाकीट फोडलं आणि ती संपली.

समोरचे पर्याय

रविवारी दुपारी जेवणानंतर आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जायचं होतं, पण अण्णांना आधी घरात ठरवायचं होतं.

काहीच न करणं हा पहिला पर्याय, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोहाचा. इतकी दुकानं आहेत, आपल्यापर्यंत कधी येणार? अण्णांनी कागदावर गणितही मांडलं होतं: वर्षाचं भाडं एका बाजूला, एक-दोन दंड दुसऱ्या बाजूला. भाडं जिंकत होतं. पण त्या गणितात बँक नव्हती. इमारतीवरच्या कर्जाच्या कागदांत बेकायदा वापराविरुद्ध कलम होतं. शिवाय जाणूनबुजून अमली पदार्थांच्या धंद्याला जागा देणं हा केंद्राच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. अशा लहान मालकावर तो क्वचित लावला जातो, पण कायदा पुस्तकात आहे.

कुलूप बदलणं हा अण्णांचा आवडता पर्याय. "माझी जागा आहे." वकिलाने दुसऱ्या दिवशी तो एका वाक्यात निकालात काढला: भाडेकरूला बेकायदा बाहेर काढलं, तर नुकसानभरपाईचा तिप्पट दावा तुमच्यावरच येऊ शकतो.

तिसरा पर्याय भाडेकरूनेच आणला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत राज्याने सगळ्यांसाठी परवान्याचे अर्ज उघडले होते. तो म्हणाला, "अंकल, जागेच्या कागदावर सही द्या, मी परवाना काढतो, मग सगळं सरळ." लेकीला हे पटलं. मलाही पटलं. अर्ध्या तासासाठी हाच मार्ग दिसत होता.

मग लेकीने फोनवर नकाशा उघडला. परवान्याच्या दुकानाला तेव्हा शाळेच्या आवारापासून ५०० फुटांत जागा चालत नव्हती, प्रार्थनास्थळापासून २०० फुटांत चालत नव्हती. मागच्या गल्लीत प्राथमिक शाळा. जिथे ती आधी काही वर्षं शिकवत होती, तीच. (हे अंतर मोजण्यात पुढे राज्याचं कार्यालयच चुकल्याचं जुलै २०२५ मध्ये बाहेर आलं: शाळेच्या आवाराच्या हद्दीऐवजी दारापासून मोजलं होतं, आणि शंभराहून जास्त परवानाधारक एका पत्राने हवालदिल झाले. पण अण्णांचा गाळा दोन्ही मोजणीत बसत नव्हता.) आधी बिनपरवाना विक्री केलेल्याला परवाना मिळणं अवघड, हे वेगळंच.

आणि तरीही अण्णा सहीकडे झुकले होते. "अर्ज तर करू दे. नाही मिळाला तर नाही." ते थांबले काकूंमुळे.

काकूंचं नागरिकत्व

काकूंनी त्या हिवाळ्यात अखेर नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला होता. भारतात आईचं आजारपण, जाणं-येणं वाढलेलं, ग्रीन कार्डावर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहायची धास्ती. वकिलाला हे आम्ही सहज, जाता जाता सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं होतं: राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी केंद्राच्या कायद्यात तो गुन्हा आहे. त्या धंद्यात सहभाग असेल, तर अर्जदाराच्या 'चांगल्या वर्तणुकी'च्या अटीला बाधा येऊ शकते. परवाना असलेल्या दुकानात नोकरी केली तरीही. काकू इमारतीच्या मालक. भाडं त्यांच्या संयुक्त खात्यात. नुसतं भाडं घेणं 'सहभाग' ठरेल का, यावर वकिलाने ठाम उत्तर दिलं नाही. "मुलाखतीच्या टेबलावर हे ठरवायची वेळ येऊ देऊ नका," एवढंच म्हणाला.

म्हणजे परवाना मिळून दुकान पूर्ण कायदेशीर झालं असतं, तरी या घरासाठी ते पूर्ण कायदेशीर नव्हतं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी किती जणांना हे माहीत आहे? व्हिसावर, ग्रीन कार्डावर असलेली तरुण मुलं 'इथे चालतं' म्हणून फोनवर फोटो ठेवतात, गांजाच्या कंपनीत नोकऱ्या धरतात. त्या वर्षभरात मी निदान पाच जणांना हे सांगितलं. पाचही जणांना नवीन होतं.

काकू परतीच्या गाडीत एवढंच म्हणाल्या, "तो मुलगा वाईट नाही हो. पण मला आईकडे जायचंय."

केलेली कारवाई

जानेवारी २०२४ मध्ये वकिलाने भाडेकरूला नोटीस दिली आणि मग क्वीन्समधल्याच जमैका भागातल्या दिवाणी कोर्टात जागेच्या बेकायदा वापराच्या कारणावरून ताबा मागणारा दावा लावला. ताकीद मिळाल्यानंतर लगेच. या तारखेला पुढे किंमत आली.

भाडं घ्यायचं की नाही, यावर बराच खल झाला. दावा चालू असताना भाडं स्वीकारलं तर दावा कमकुवत होतो, आणि काकूंच्या बाबतीत तो पैसा खात्यात येणंच नको होतं. भाडं थांबवलं. घरखर्चाला चाट बसली. अण्णांनी बँकेचा हप्ता साठवणीतून भरला.

मार्चमध्ये कोर्टाच्या आवारातच तडजोड झाली: एप्रिलअखेर गाळा सोडायचा, मागचं भाडं माफ. तडजोड करावी की निकालापर्यंत लढावं, हा खरा पेच होता. लेक म्हणाली तडजोड. मी म्हणालो तडजोड. अण्णा एकटेच म्हणाले, "तो जाणार नाही." त्यांनी त्या मुलाचं तोंड रोज पाहिलं होतं, आम्ही कागद पाहिले होते.

तो गेला नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात राज्याच्या अंदाजपत्रकासोबत नवा कायदा झाला आणि शहराला स्वतः दुकानं सील करायचा अधिकार मिळाला. ७ मेपासून शेरीफ, म्हणजे शहराचा कायदा-अंमलबजावणी अधिकारी, आणि पोलिसांची मोहीम सुरू झाली. आधीची पत्रं आणि दंड वेगळे, हे वेगळं: तपासणी, माल जप्त, दाराला साखळी आणि कुलूप, एक वर्षापर्यंत. पुढच्या काही महिन्यांत शहराने हजाराहून जास्त दुकानं बंद केली.

जूनमध्ये एका दुपारी अण्णांच्या गाळ्यालाही कुलूप लागलं. काकू खिडकीतून बघत होत्या. मुलगा फुटपाथवर फोन कानाला लावून उभा होता, वर बघितलं नाही.

निष्पत्ती

मालक म्हणून अण्णांना दंड झाला नाही. जानेवारीच्या दाव्याची प्रत हीच त्यांची ढाल. गाळा मात्र सीलबंदच राहिला. आत भाडेकरूचं सामान, कागदोपत्री ताबा त्याचा, बाहेर शहराचं कुलूप. तडजोड मोडली म्हणून कोर्टाकडून ताब्याचा हुकूम, मग तो बजावणारा सिटी मार्शल, मग भाडेकरू गेल्याचे कागद दाखवून सील उठवायची विनंती. चावी हातात आली ती शरद ऋतू सरता सरता. त्या सुमाराला, ऑक्टोबरमध्ये, क्वीन्समधल्याच एका न्यायाधीशाने शेरीफच्या सील करण्याच्या पद्धतीवर ताशेरे ओढले: सुनावणी घेणारा अधिकारी दुकान उघडा म्हणतो आणि शेरीफ ते डावलून बंद ठेवतो, हा न्याय नव्हे. अण्णांच्या प्रकरणावर त्याचा परिणाम झाला नाही. पण मोहिमेच्या घाईत काही परवानगीचा धंदा करणारेही भरडले गेले, हे नोंदवायला हवं.

हिशेब असा: जवळपास वर्षभराचं भाडं गेलं, डिपॉझिट त्यात वळतं केलं, वकिलाची फी वेगळी. काचेच्या बरण्यांची फडताळं उचलून टाकायलाही पैसे पडले. जानेवारी २०२५ पासून गाळ्यात टॅक्स भरून देणारं एक छोटं ऑफिस आहे. भाडं २०२१ च्या करारापेक्षा बरंच कमी, फोनकार्डवाल्यापेक्षा थोडं जास्त.

काकूंची मुलाखत झाली. अमली पदार्थांच्या विक्रीशी कधी संबंध आला का, हा छापील प्रश्न आला. वकिलाने नोटीस, दावा, तडजोड आणि ताब्याचा हुकूम अशी फाइल बरोबर दिली होती. अधिकाऱ्याने ती चाळली, दोन प्रश्न विचारले. काकूंनी शपथ घेतली त्या आठवड्यात आईच्या वर्षश्राद्धाची तिकिटं काढली. आईला भेटायला जायचं राहून गेलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

करारातलं कलम सगळ्यांत आधी. 'इतर कोणताही कायदेशीर किरकोळ व्यापार' याऐवजी काय विकायचं नाही हे लिहायला हवं होतं: राज्य किंवा केंद्र, दोघांपैकी कोणाच्याही कायद्याने बंदी असलेली वस्तू नाही. आता अण्णांच्या नव्या करारात हे आहे, टॅक्सच्या ऑफिसलासुद्धा. तो नवा भाडेकरू हसला होता म्हणे.

हमी देणारा माणूस तपासला नाही. गुड गाय गॅरंटीवर सही होती त्या मुलाच्या एका चुलत भावाची. त्याचा पत्ता चुकीचा निघाला, नावावर काही नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात, पहिल्या वासाला, एक साधं पत्र पाठवता आलं असतं. तेव्हा तो मुलगा नवा होता, गुंतवणूक कमी होती, बरण्या चार होत्या. दीड वर्षानंतर त्याच्याकडे दोन नोकर आणि कर्ज होतं. माणूस तेव्हा सहज निघाला असता, असं अण्णा आता म्हणतात. मला तितकी खात्री नाही, पण पत्राची तारीख हातात असती. परवानाधारक दुकानांच्या दारावर राज्याची क्यूआर पाटी असते, फोनने तपासता येते. २०२३ मध्ये एका मिनिटाचं काम होतं.

तडजोडीबाबत मी चुकलो. निकालापर्यंत गेलो असतो तर कदाचित मेमध्ये मार्शल आला असता आणि जूनचं कुलूप टळलं असतं. लेक यावर सहमत नाही. तिच्या मते कोर्टातली गर्दी पाहता मे शक्यच नव्हता.

राज्याबद्दल आमचं दोघांचंही एक मत आहे. बाळगण्याची परवानगी आणि पहिलं दुकान यांच्यात एकवीस महिने ठेवले, आणि मग ते भरून आलेल्या दुकानांवर तीन वर्षांनी साखळ्या लावल्या. २०२३ संपताना अख्ख्या राज्यात परवान्याची दुकानं होती सुमारे चाळीस. तुरुंगातून सुटून परवान्याच्या रांगेत उभा राहिलेला माणूस आणि अण्णांचा भाडेकरू, दोघंही त्याच फटीत सापडले. एकाने नियम पाळून वाट पाहिली, दुसऱ्याने पाहिली नाही. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "आणि भाडं कोणाचं बुडालं?"

चुलत भावावरचा हमीचा दावा लहान आहे, पण अण्णांनी सोडलेला नाही. पुढची तारीख पडली आहे. वकिलाने फी घेणार नाही असं सांगितलंय, मिळालं तर वाटून घेऊ म्हणाला.